मयतीचं पान

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला गाव विचारलं नाही, लग्न कधी करणार हेही विचारलं नाही. माझ्या काखेत एक पुस्तक होतं, ते त्यांनी "बघू" म्हणून काढून घेतलं. उघडलं नाही. बोटाच्या पेरानं पुठ्ठ्यावर टकटक केली, कानाशी नेलं, पुन्हा टकटक केली. माठ विकत घेताना आपण वाजवून बघतो ना, अगदी तसं.

"नवा पुठ्ठा. आत काही नाही," असं म्हणून पुस्तक परत दिलं. "तू लायब्ररीत नोकरीला आहेस म्हणे. तिथे जुन्या बांधणीची पुस्तकं आहेत का?"

"आहेत की. ढिगानं आहेत."

"मग सामान घेऊन ये," बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मी दारात उभी. म्हटलं, हे काय विचित्र प्रकरण आहे! पण नागपुरात एकट्या बाईमाणसाला खोली मिळणं सत्तरच्या सुमाराला किती कठीण होतं ते ज्यानं शोधली त्यालाच माहीत. काटोलकडून आलेली मी, गावच्या शेतातल्या संत्र्यांची करंडी आणि वळकटी घेऊन दुसऱ्याच दिवशी हजर झाले.

घर सदर भागात, चर्चच्या मागच्या गल्लीत. बसकं, कौलारू, पुढे कडुनिंब. बाई मिशनच्या मुलींच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या. पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि बारा महिने हातात छत्री. छत्री कशाला? तर मोकळ्या हातानं चालणारी बाई रिकामटेकडी दिसते म्हणून. चहापूर्वीची त्यांची प्रार्थना इतकी लांब चालायची की चहावर साय धरायची, आणि ती साय बोटानं काढून टाकताना त्या माझ्याकडेच रागानं बघायच्या.

आतल्या खोलीत त्यांची थोरली बहीण. बाई त्यांना ताई म्हणायच्या, म्हणून गल्लीही ताई म्हणायची, चर्चचे पाळकसाहेबही ताईच म्हणायचे. ऐंशी उलटलेल्या ताईंना खाटेवरून उठवत नव्हतं, पण आवाज खणखणीत होता. बाई शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायच्या आणि ताई नागपुरी. एकाच आईच्या लेकी, पण बोलणं असं की एक सदरमध्ये वाढली आणि दुसरी कामठीच्या बाजारात.

पहिल्याच संध्याकाळी आतून हाक आली, "सापडलं का वं?"

बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "नाही ना, ताई. उद्या बघू."

"उद्या पाहू," ताई म्हणाल्या, आणि मग पेजेचा वाडगा तोंडाला लावला. मला वाटलं चष्मा हरवला असेल. पण दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्याही संध्याकाळी तेच. शेवटी मी विचारलंच.

तर गोष्ट अशी होती. या लोकांच्या चर्चच्या मंडळीचं एक जुनं प्रार्थनापुस्तक होतं. मिशनच्या पहिल्या छापखान्यात निघालेलं, टोकदार अक्षरांचं, जाड दाट शाईचं, त्यांच्या आजोबांच्या काळातलं. त्यात बाळाच्या बाप्तिस्म्यापासून मयतीपर्यंत सगळे विधी. पुढे नव्या मराठीतलं नवं पुस्तक आलं. जुनं द्या आणि नवं घ्या असं ठरलं. लोकांनी जुनी आणून दिली, छापखान्यात पडून राहिलेले सुटे कागद निघाले, आणि तो सगळा ढीग महाल भागातल्या एका बाइंडरकडे रद्दी म्हणून गेला. बाइंडर लोक पुठ्ठा जाड करायला आणि अस्तराखाली लावायला असली रद्दी खळीनं चिकटवतात. त्यामुळे नागपूरच्या शाळा-कॉलेजांत इतिहास, भूगोल, व्याकरण जे काही त्या काळात बांधलं गेलं, त्याच्या पुठ्ठ्यांत या मंडळींच्या प्रार्थना जाऊन बसल्या. घरची एक प्रत होती, ती आईच्या हातात देऊन तिला पुरलं होतं.

बाईंना हे कळलं ते शाळेतल्या एका शब्दकोशाचा कोपरा फुटला तेव्हा. आतून 'हे दयाळा' एवढंच डोकावत होतं. त्यांनी ते पुस्तक छातीशी धरून घरी आणलं म्हणे.

आणि ताईंचं म्हणणं असं की मला जुन्याच शब्दांत पुरा. नवं पुस्तक त्यांना अजिबात पसंत नव्हतं. "'चिरशांती लाभो' म्हनते! हे काय पेपरातली जाहिरात आहे? आमच्या बाबाले पुरलं तेव्हाचे शब्द मले पाहिजे. ते पान सापडल्याबिगर मी काही मरत नाही, सांगून ठेवते."

मयतीचा विधी तसा लहानसाच. त्याची सुरुवात बाईंना सापडली होती, आजाऱ्यासाठी असलेल्या प्रार्थनेच्या पानाच्या पाठीवर, अगदी तळाशी. खालची शेवटची ओळ होती, 'जी वाट आम्ही पाहिली नाहीं त्या वाटेनें', आणि तिथे पान संपत होतं. पुढचं पान नाही. ताई ती ओळ पाठ म्हणायच्या आणि थांबून विचारायच्या, "पुढं?" पुढचं कोणालाच आठवत नव्हतं. हाताबद्दल काहीतरी होतं, एवढंच ताई सांगायच्या.

मग माझं काम ठरलं. लायब्ररीतली फाटकी पुस्तकं पुन्हा बांधायला जायची तेव्हा जुने पुठ्ठे फेकूनच द्यायचे असत. साहेबांना विचारून ते मी घरी आणू लागले. सायकलच्या कॅरियरला पुठ्ठ्यांचा गठ्ठा बांधून मी सीताबर्डीवरून जायची तेव्हा एक रद्दीवाला मला धंद्यातली समजून भाव विचारायचा. बाईंचा नियम एकच आणि तो कडक. धडधाकट पुस्तकाला हात लावायचा नाही. "मयत वाचण्यासाठी जिवंत पुस्तक फाडायचं का?" असं डोळे वटारून म्हणायच्या.

पुठ्ठे परातीत, कोमट पाण्यात. खळ सुटली की बाई नखानं एकेक थर असा अलगद उचलायच्या की मला भाकरीचा पापुद्रा आठवायचा. मग ती पानं अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून वाळत. एका बाजूला परकर, पोलकी, टॉवेल आणि दुसऱ्या बाजूला प्रभूची स्तुती. मे महिन्यात तर नागपूरचं ऊन असं की दुसरं पान लावेपर्यंत पहिलं पापडासारखं कडक. शेजारची सिंधीण एकदा म्हणाली, "बहनजी, रोज रोज भगवान को क्यों धोती हो?" बाईंनी तिच्याशी महिनाभर अबोला धरला.

सापडायची काय, तर लग्नाची पानं! नेमकं लग्नविधीचं पान, पुन्हा पुन्हा, दर गठ्ठ्यात. अर्थशास्त्रात लग्न, वनस्पतिशास्त्रात लग्न, एकदा तर गणितात जोडीनं दोन निघाली. बाई जन्मभर अविवाहित. पान पाण्यातून वर आलं की कपाळावर हात मारायच्या, "मेलं हे लग्न काही माझी पाठ सोडत नाही!" मग ओलं पान दोन हातांत धरून नवऱ्यानं द्यायची वचनं मोठ्यानं वाचायच्या. "सुखात, दुःखात, आजारात... काय काय कबूल करून घेतात बघ. आणि पुढे स्वतःची कपबशी उचलून ठेवत नाहीत." आतून ताई ओरडायच्या, "तुले काय ठाऊक वं? मी केलं होतं लगन. उचलत होते ते कपबशी." ताईंचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारले होते. तेव्हापासून दोघी बहिणी एकत्र.

आजाऱ्याचं पान निघे, बाळाचं निघे, पिकासाठी प्रार्थना निघे. मयतीचं तेवढं नाही. मी म्हणायची, "बाई, पुण्या-मुंबईच्या मोठ्या लायब्रऱ्यांना विचारू या ना. एखादी प्रत असेलच की." त्या फटकारायच्या, "माझं मी बघते. तुला कोणी सल्ला विचारला?" मी मनात म्हणायची, हट्टी म्हातारी!

अधूनमधून बाई स्वतः लायब्ररीत येत. छत्रीच्या मुठीनं कपाटं वाजवत हिंडत. वाचणारी मुलं हसायची. सगळी कपाटं बघायच्या, एक सोडून. दाराजवळ काचेचं एक मोठं कपाट होतं, कोणा वकिलाच्या घरच्यांनी दान दिलेलं. चामड्याच्या पाठीची जाडजूड कायद्याची पुस्तकं, अगदी टणटणीत. त्याच्यासमोरून जाताना बाई तोंड फिरवायच्या. "ते नको. भांडणाचा वास येतो त्याला." त्यांच्या शंभर विचित्रपणांतला हा एक, असं समजून मी तेही सोडून दिलं.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मला त्या घराची सवय झाली. नाताळच्या करंज्या मी लाटू लागले, आणि पुस्तक दिसलं की माझाही हात आपोआप टकटक करू लागला. मला बघायला आलेल्या एका स्थळाच्या घरी मी त्यांच्या शोकेसमधल्या पुस्तकांवर टकटक केली. ते लग्न मोडलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चहा सोडून विचारलं, "पण पुठ्ठा कसा होता?"

मग एका पावसाळ्यात ताई खाटेवरून पडल्या. हाड मोडलं, आणि तिथून त्या उतरतच गेल्या. पेज जाईना. तरी संध्याकाळी "सापडलं का वं?" चुकत नव्हतं. मला राहवेना. म्हटलं, पुरे झालं परातीतलं हे कालवणं. जिथून सुरुवात झाली तिथेच जाऊन विचारू. एरवी पुस्तकांचे गठ्ठे घेऊन शिपाई जायचा. त्या दिवशी मीच महालात गेले.

बाइंडर म्हातारा, गल्लीच्या तोंडाशी फळीवर बसलेला. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालून घालून बोटं निळी झालेली. मी कोणाच्या घरी राहते ते सांगून म्हटलं, "काकाजी, मिशनच्या त्या जुन्या रद्दीत मयतीचं एक पान होतं. ते कुठेच कसं सापडत नाही हो?"

"सापडन कसं?" तो म्हणाला. "तुमच्या पुस्तकात मी ते टाकलंच नाही. मी एक एक पान वाचून पाहो. लगनाचं पान पोरापोरीइच्या पुस्तकात टाको, शुभ असते. बाळाचं टाको. आजाऱ्याचंबी चालते, मानूस बरा होते. पन शिकत्या लेकराच्या पुस्तकात मयत कशी टाकू, बाई? अपशकुन होते का नाही?"

"मग त्या पानांचं केलं काय? जाळली?"

त्यानं जीभ चावली. "देवाचं नाव लिवलं त्याच्यावर! जाळन कसा? वकिलाच्या पुस्तकात टाकली सारी. वकिलाले काय अपशकुन होनार हाय?"

मला हसू आवरेना. काचेचं कपाट डोळ्यांपुढे आलं. इतकी वर्षं मी रोज त्याच्याच शेजारी रजिस्टर लिहीत बसत होते! मी उठले, पायात चप्पल सरकवली, आणि तो मागून सहज म्हणाला, "बाईइले तवाच सांगतलं होतं मी."

"कोणत्या बाईंना?"

"तुमच्याच. छत्रीवाल्या. लय वर्सं झाली. मले म्हनाल्या, बरं झालं सांगतलं, आता दुसऱ्या कोनाले सांगू नोका. तुम्ही त्याइच्याच घरच्या, म्हनून बोललो."

महालातून सदरपर्यंत मी सायकल कशी हाणली देव जाणे. डोकं नुसतं तापलं होतं. माहीत होतं! म्हातारीला सगळं माहीत होतं, आणि इतकी वर्षं मला हमालासारखे पुठ्ठे वाहायला लावले. माझं जमत आलेलं लग्न मोडलं त्यापायी! आज चांगलं खडसावायचं, खोली सोडायची, असं ठरवूनच मी फाटक ढकललं.

बाई स्वयंपाकघरात पेज ढवळत होत्या. मी तोंड उघडणार एवढ्यात आतून बारीक आवाज आला, "सापडलं का वं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझा घामेजलेला चेहरा, हातात रिकामी पिशवी. कुठून आले ते त्यांना कळलं. पळी तशीच हातात राहिली. त्यांच्या तोंडावर मी कधी भीती पाहिली नव्हती, ती त्या दिवशी पाहिली.

पान सापडल्याबिगर मी मरत नाही, ताई म्हणाल्या होत्या. आणि ही बाई इतकी वर्षं जिथे पान नाही तिथेच शोधत होती. रोज संध्याकाळी 'उद्या बघू' म्हणून ताईंना एकेक दिवस पुढे नेत होती. पुण्या-मुंबईला का विचारायचं नाही, भांडणाचा वास कुठून येतो, सगळं मला तिथे चुलीपाशी उभ्या उभ्या कळलं. माझा राग कुठे गेला कोणास ठाऊक.

मीच ओरडून म्हटलं, "नाही सापडलं, ताई. उद्या बघू."

"उद्या पाहू," ताई म्हणाल्या. बाईंनी पेज वाडग्यात ओतली. थोडी बाहेर सांडली. आम्ही दोघी त्या विषयावर कधीच बोललो नाही. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा पुठ्ठ्यांचा गठ्ठा आणला आणि बाईंनी परातीत पाणी ओतलं. त्यात लग्नाचंच पान निघालं.

हिवाळा ताईंनी कसाबसा काढला. उन्हाळा लागला तशा त्या अगदी खंगल्या. कूस बदलताना ओरडायच्या, मग ओरडायचीही ताकद राहिली नाही. एका दुपारी खिडकीत वाळ्याची ताटी भिजवून मी खाटेपाशी वारा घालत होते. बाई पायथ्याशी बसून ताईंची पावलं चोळत होत्या. संध्याकाळ व्हायची होती, तरी ताईंनी विचारलं, "सापडलं का वं?"

"नाही ना, ताई. उद्या..."

"सापडू दे वं आता," ताई म्हणाल्या. "लय थकली मी."

बाईंचा हात थांबला. ताई डोळे मिटूनच पुढे म्हणाल्या, "तू लपवून राहिली हे मले ठाऊक नाही काय? लहानपनी माही बाहुली लपवे तवाबी तुहं तोंड असंच होये. ठेवलं मले इतके दिवस, चांगलं केलं. आता सापडू दे."

बाई उठून अंगणात गेल्या. दोरीवर वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, पुन्हा उलगडून पुन्हा घातल्या. मी खिडकीतून बघत होते, बाहेर गेले नाही. सकाळी माझ्यापुढे चहा ठेवून, प्रार्थना न करताच म्हणाल्या, "वकिलाच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडेच असते ना?"

बाइंडर म्हातारा स्वतः लायब्ररीत आला. साहेबांनी दुरुस्ती म्हणून परवानगी दिली. बाईंचा नियम मोडावा लागला नाही. त्यानं ओलं फडकं ठेवून अस्तराचा कागद असा उचलला की पुस्तकाला ओरखडाही आला नाही. तिसऱ्याच पुस्तकात पान होतं. बाईंनी ते वाचलं नाही. टीपकागदांत ठेवलं, छत्री उघडली आणि भर उन्हात मला मागे टाकून झपाझप चालू लागल्या.

खाटेशी बसून त्यांनी दोन्ही पानं हातात घेतली. आवाज शाळेतल्यासारखा स्वच्छ. "जी वाट आम्ही पाहिली नाहीं त्या वाटेनें," त्यांनी पान बदललं, "आमची ही बहीण अमुक..."

"अमुक काय?" ताई म्हणाल्या. "नाव घे माहं."

"मी तुला नावानं कशी हाक मारू?" बाईंचा आवाज फुटला. "जन्मात कधी मारली नाही."

"मंग आज मार."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग फार हळू म्हणाल्या, "सगुणा."

"ओ," ताईंनी ओ दिली. चांगली खणखणीत, पूर्वीसारखी. त्या घरात इतकी वर्षं राहून मला त्यांचं नाव तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"...सगुणा आज जाते. तिचा हात तूं धर. आमचा सुटला."

"हं. हेच ते," ताई म्हणाल्या. "असंच होतं." त्यांनी थोडी पेज मागितली, घेतली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीचा भोंगा वाजायच्या सुमाराला गेल्या.

दफनाला मंडळी बरीच होती. बाइंडर म्हातारा येऊन फाटकापाशी उभा राहिला होता. पाळकसाहेब जुनी पानं वाचायला आधी कां-कू करत होते. बाईंनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं, लहानपणी त्यांनाही बाईंनीच शिकवलं होतं. त्यांनी वाचायला घेतलं. पान बदललं. "आमची ही बहीण सगुणा..."

बाईंनी मान वर केली आणि ओ येण्याची वाट पाहिली. पाळकसाहेबही थांबले, काय झालं त्यांना कळेना. मी बाईंचा हात धरला.

मग बाई म्हणाल्या, "वाचा पुढं."